चाकाचा घेर

त्या दिवशी एकशे अठ्ठेचाळीस फुटली.

मोजणीच्या टेबलाला पत्र्याची कड होती. तिच्यावरून बलक ओघळून सावकाशच्या चपलेवर ठिबकत होता. त्याने पाय मागे घेतला नाही. मागे घेतला असता तर ताईला वाटलं असतं, हा आकडा टाळतोय. ताई एकेक ट्रे उजेडाकडे धरायची, तडा गेलेलं अंडं डाव्या हाताने बाजूला काढायची आणि ओठ न हलवता मोजायची. अंडी गोळा करायच्या त्या केंद्रावर तिला सगळे ताईच म्हणत. तिच्याहून दहा-दहा वर्षांनी मोठे ड्रायव्हरही म्हणत, कारण नोंदवही तिच्याकडे होती आणि पेनाला टोपण लावायची तिला सवय नव्हती.

"एकशे अठ्ठेचाळीस. काल एकशे तीस होती."

"परवा शंभरच्या आत होती, ताई."

"परवा खेप अर्धी होती."

सावकाश हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बारा वर्षं तो अंड्यांची गाडी चालवत होता आणि प्रत्येक खड्ड्यापाशी गाडीला "सावकाश, सावकाश गं" असं म्हणत उतरवायचा. दिवस गेलेल्या बाईला जिना उतरताना म्हणावं, तसं. लोकांनी ते ऐकलं आणि नाव चिकटलं. पण खडीचे डंपर त्या रस्त्याने जायला लागले तेव्हापासून सावकाश म्हणूनही उपयोग राहिला नव्हता. पावसाने डांबर सोललं, डंपरांनी खड्डे खणले, आणि आता ऊन पडल्यावर खड्ड्यांच्या कडा फुटलेल्या काचेसारख्या धारदार झाल्या होत्या.

"पन्नासच्या वर गेली की पोल्ट्रीवाले माझ्याशी भांडतात," ताई म्हणाली. "पंधरा दिवस देते. नाही जमलं, तर हा रस्ता दुसऱ्याला. मागणारे आहेत."

"कोण मागतंय?"

ताईने वही पुढे ओढली. "मीटर सांगा."

भाडं मीटरवर होतं. सकाळी निघताना आकडा, दुपारी आल्यावर आकडा, मधली वजाबाकी ताईची. त्याने आकडा सांगितला. वजाबाकी चौसष्ट किलोमीटर आली. गेले वर्षभर चौसष्टच येत होती.

घरी जाईपर्यंत त्याच्या डोक्यात अंडी नव्हती. कोण मागतंय, एवढंच होतं. केंद्राच्या आवारात आठ गाड्या उभ्या राहत. त्यातल्या सात ड्रायव्हरांना त्याने मनातल्या मनात एकेक करून उभं केलं, तोंडं तपासली. सातही तोंडं मागणाऱ्याची वाटली.

संध्याकाळी साडू आला तोच चार चाकं घेऊन.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याचीही गाडी केंद्रावरच होती, पण तो कोंबड्यांच्या खाद्याची पोती वाहायचा. चाकं चकचकीत होती, चांदीसारखी, पाकळ्या पाकळ्यांची, आणि त्यांच्यावर पातळ काळं रबर बांगडीसारखं बसवलेलं.

"घे," साडू म्हणाला. "माझ्याकडे जास्तीचा सेट पडलाय. चौदा इंची आहेत. तुझी बारा इंची काढून टाक."

"किती द्यायचे?"

"साडूकडून पैसे घेऊ का? बसव, चालव, मजा कर. मग आठवण काढशील."

बायको शिलाई मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवला आणि म्हणाली, "भाऊजी, चहा घेऊन जा." साडूने चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, गाडीच्या जुन्या टायरवरून हात फिरवला. "गुळगुळीत झालेत. चांगलंय," असं म्हणून हसला आणि गेला.

"चांगलंय म्हणजे काय?" सावकाश म्हणाला. "गुळगुळीत टायर चांगलं कसं?"

"थट्टा करत असतील."

"फुकट का देतोय?"

"अहो, बहिणीचा नवरा आहे माझ्या. कोणी विकत दिलं तर म्हणता लुबाडतोय, फुकट दिलं तर म्हणता का देतोय. माणसाने द्यायचं तरी कसं तुम्हाला?"

"हा पोती वाहतो. पोतं आपटलं तर फुटत नाही. माझी अंडी फुटली तर रस्ता कोणाला मिळेल?"

"त्यांना अंडी आवडत नाहीत," बायको म्हणाली आणि तिने मशीन पुन्हा सुरू केली. तिच्या लेखी विषय संपला होता. त्याच्या लेखी मागणारा सापडला होता.

दुसऱ्या दिवशी खेप टाकून तो चारही चाकं घेऊन टायरवाल्याकडे गेला. टायरवाल्याचं दुकान म्हणजे एक टपरी, एक हवेची टाकी आणि पाण्याने भरलेली अर्धी पिंपं. तो टायरवर साबणाचं पाणी फासून बुडबुडे बघत बसला होता. सावकाशने चकचकीत चाकं उतरवली तसा तो उठला, एक चाक त्याने आडवं केलं आणि कडेवर अंगठा ठेवला.

"ही साडूंची."

"तुला कसं कळलं?"

"ही वाकलेली कड मीच ठोकून सरळ केली. तीनदा." त्याने रबर चिमटीत धरलं. "बघा, किती उरतं ते. खड्ड्याच्या काठावर आपटलं की रबराने दबायचं असतं. इथे दबायला जागाच नाही. दणका थेट लोखंडाला, लोखंडातून गाडीला, गाडीतून तुमच्या ट्रेला."

"पण चाक मोठं आहे ना? चौदा?"

"लोखंड चौदा. चाक नव्हे." टायरवाल्याने गाडीची स्टेपनी काढली. बारा वर्षांत ती एकदाही रस्त्याला लागली नव्हती, तिच्या रबरावरचे बारीक केससुद्धा शाबूत होते. ती त्याने साडूच्या चाकाशेजारी उभी केली. बारा इंची स्टेपनी चौदा इंची चाकापेक्षा दोन बोटं उंच निघाली. सावकाशने खाली वाकून जमीन बघितली. जमीन सपाट होती.

"टायरवर लिहिलेलं असतं सगळं. कोणी वाचत नाही." टायरवाल्याने थुंकी लावून अक्षरं पुसली. "एकशेपंचेचाळीस, पन्नास, चौदा. पहिला आकडा रुंदी. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या मानाने रबर किती उंच, शंभरात पन्नास. शेवटचा लोखंडाचा. तुमच्या स्टेपनीवर शंभरात ऐंशी आहे, म्हणून ती उंच. आता तुमच्या रस्त्याला काय पाहिजे? रबर उंच पाहिजे, म्हणजे दणका रबर खाईल. आणि सगळं मिळून चाकही थोडं मोठं पाहिजे. लहान चाक खड्ड्यात पुरतं उतरतं, मोठं वरून निघून जातं. एकशेपंचावन्न, ऐंशी, तेरा. साधं लोखंड, चमक नाही."

"चौदावर उंच रबर चढवलं तर?"

"मडगार्डमध्ये मावणार नाही. स्टिअरिंग वळवलंत की घासेल."

"मग रुंद घेतलं तर?"

"रुंदीने अंडी वाचत नाहीत. रुंद चाकाला खड्डा जास्त सापडतो."

सावकाशच्या मनात पाल चुकचुकली. दुकानदार महाग माल घेऊ नका म्हणतो, तेव्हा स्वस्त मालात काहीतरी असतं. त्याने तेरा इंची टायर उलटेपालटे केले. कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, एवढं त्याला माहीत होतं. माल पाच महिन्यांपूर्वीचा निघाला. त्याने नखाने रबर दाबलं, वास घेतला, दुसऱ्या टायरचाही घेतला.

"चावून बघा हवं तर," टायरवाला म्हणाला. मग जॅक लावता लावता त्याने सहज विचारलं, "तुमचं भाडं खेपेवर की मीटरवर?"

सावकाशने कान टवकारले. माझी मिळकत काढतोय. म्हणजे किती सांगायचे ते ठरवतोय.

"तुला कशाला पाहिजे?"

"नाही, एवढ्यासाठी विचारलं की—"

"तू चाकं बसव. माझं भाडं मी बघतो."

टायरवाल्याने एकदा त्याच्याकडे बघितलं, मान हलवली आणि पाना उचलला. त्यानंतर तो कामापुरतंच बोलला. चाकं बसल्यावर त्याने मागे दोन पोती माती टाकली, स्टिअरिंग एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला वळवायला लावलं, मडगार्डखाली हात घालून जागा बघितली. तीन बोटं होती. "हवा मी भरली तेवढीच ठेवा. दगडासारखी टाइट केलीत तर सगळं वाया." जुनी चाकं तो कोपऱ्यात ढकलू लागला, तशी सावकाशने अडवली.

"ही मी नेणार."

"गुळगुळीत टायरांचं काय करणार?"

"तू काय करणार होतास?"

चारही जुनी चाकं, स्टेपनी आणि साडूचा सेट असं सगळं लादून तो घरी आला. बायकोने अंगणात मांडलेली चाकं मोजली आणि म्हणाली, "आता दुकान टाका."

पहिल्या दिवशी गाडी उंच वाटली. डोळ्यांना रस्ता जरा खाली गेल्यासारखा दिसत होता. पहिल्या पोल्ट्रीवर त्याने ट्रे चढवले, दहा-दहाची थप्पी, मध्ये गोणपाट, कडेला दोरी. पाठीत रोजची कळ आली. नाल्याजवळच्या त्या मोठ्या खड्ड्यापाशी त्याने सवयीने "सावकाश गं" म्हटलं, दात आवळले आणि दणक्याची वाट बघितली. दणका आला, पण भिंतीपलीकडून यावा तसा. त्याने पुढे जाऊन गाडी थांबवली, उतरून मागचं दार उघडलं आणि वास घेतला. कोरडा गोणपाटाचा वास.

बावन्न फुटली. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. तिसऱ्या दिवशी चौतीस, त्यातली सहा पोल्ट्रीवरच तडकलेली होती आणि ते ताईनेसुद्धा मान्य केलं. सावकाश इतका खूश झाला की त्याला भीती वाटायला लागली. इतकं सरळ होत नसतं काही.

चौथ्या दिवशी ताईने वही मिटली नाही. तिने ती फिरवून त्याच्यापुढे केली.

"हे काय आहे?"

मागच्या वर्षभराच्या चौसष्टांच्या खाली अठ्ठावन्न लिहिलं होतं. त्याखाली अठ्ठावन्न. पुन्हा अठ्ठावन्न. आज अठ्ठावन्न. रोजचे आकडे त्यानेच सांगितले होते, पण वजाबाकी त्याने कधी केली नव्हती. ते ताईचं काम होतं.

"रस्ता तोच आहे ना?" ताई म्हणाली.

"तोच."

"पोल्ट्र्या त्याच?"

"त्याच, ताई."

"मग रस्ता आखडला का? की आधी लांबवला होता?" तिचा आवाज चढला नव्हता. बाकीचे ड्रायव्हर ट्रे उतरवायचे थांबले होते, त्यामुळे आवाज चढायची गरजही नव्हती. "रोजचे सहा. वर्षभर. अंडी फुटतात म्हणून मी ओरडले, तुम्हाला भीती वाटली, आणि तुम्ही खरं सांगायला लागलात. असंच ना?"

"ताई, मी जे मीटरवर दिसतं तेच—"

"उद्या केंद्राचे साहेब येतील. त्यांना सांगा. तोवर उद्याची खेप मी दुसऱ्याला लावते."

आवारातून बाहेर पडताना त्याला कोणी हटकलं नाही. तेच त्याला जास्त लागलं. साडू आपल्या गाडीला टेकून उभा होता. त्याने नुसती मान हलवली. दया आली म्हणून हलवली, की चुकलास म्हणून, हे सावकाशला ठरवता आलं नाही, म्हणून त्याने तिसरंच ठरवलं: यानेच मीटरमध्ये काहीतरी केलं. त्या दिवशी टायरवरून हात फिरवायला कशाला आला होता?

घरी येऊन त्याने बायकोला हे सांगितलं.

"भाऊजींनी टायरला हात लावला आणि मीटर बिघडला?" ती म्हणाली. "मीटर आत आहे. टायर बाहेर."

"मग टायरवाल्याने केलं."

"तो तुमच्याशी काय बोलला होता?"

"माझं भाडं विचारत होता. मीटरवर की खेपेवर."

बायकोच्या पायाखालचं मशीन थांबलं. "आणि तुम्ही काय सांगितलंत?"

तिने मशीनवर आच्छादन टाकलं, पायात चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसली.

टायरवाल्याने दोघांना बघितलं तसा तो आधी बायकोशी बोलला. "वहिनी, मी विचारत होतो त्यांना. तोंडावर म्हणाले, तुला कशाला पाहिजे." मग सावकाशकडे वळून म्हणाला, "मीटर रस्ता मोजत नाही. चाकाच्या फेऱ्या मोजतो. एका फेरीला किती अंतर, ते कारखान्यात ठरलेलं, स्टेपनीच्या मापावर. चाक मोठं केलंत, फेऱ्या कमी झाल्या. सरळ आहे."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगतच होतो."

बायको हसली नाही, ही तिची मेहेरबानी. परतताना तिने एवढंच विचारलं, "जुनी चाकं आहेत ना अंगणात? उद्या न्यायची. स्टेपनीपण. मी टेप घेते."

सकाळी केंद्राच्या आवारात साहेब खुर्चीवर बसले होते आणि ताई त्यांच्या शेजारी उभी होती. आठही गाड्या आत होत्या. सावकाशने गुळगुळीत जुनं चाक आणि स्टेपनी उतरवून फरशीवर ठेवली. बायकोने पिशवीतून शिलाईचा टेप काढला. टेप दीड मीटरचा होता आणि चाकं त्याहून मोठी, म्हणून ती चाकाभोवती दोरी गुंडाळायची, खडूने खूण करायची आणि मग दोरी टेपवर धरायची. बाईच्या कमरेचं माप घ्यावं, तसं तिने गाडीच्या चाकाचं घेतलं. साहेबांना हसू आलं. ताईला आलं नाही. ताईने तिच्या हातातून दोरी घेतली आणि प्रत्येक माप स्वतः पुन्हा घेतलं.

"गाडीचं नवं, एकशे साडेएक्याऐंशी," ताई लिहीत म्हणाली. "स्टेपनी, एकशे साडेअडुसष्ट."

"मीटर स्टेपनीच्या मापाचा आहे, ताई," सावकाश म्हणाला. "म्हणून नवं चाक कमी दाखवतं. मी चोरी केली नाही."

ताईने गुणाकार केला, भागाकार केला. "अठ्ठावन्नचे खरे बासष्ट आणि वर थोडे."

सावकाशने बायकोकडे बघितलं. त्याची छाती जरा वर आली. "बघा."

"चौसष्ट नाहीत," ताई म्हणाली.

तिने खाली बसून तिसरं, जुनं गुळगुळीत चाक मोजलं. दोनदा मोजलं. "एकशे चौसष्ट." पुन्हा पेन चाललं, आणि यावेळी पेन थांबल्यावर ताई बराच वेळ कागदाकडेच बघत राहिली. "याच्यावरूनही बासष्टच येतात. रबर झिजलं, चाक लहान झालं, फेऱ्या वाढल्या. रोज पावणेदोन किलोमीटर जास्त."

"मला माहीत नव्हतं," सावकाश म्हणाला, आणि ते खरं होतं. पण म्हणताना त्याला जाणवलं की मागे कोणी कुजबुजत नाहीये. सात ड्रायव्हर. एकालाही आश्चर्य वाटलं नव्हतं.

सगळ्यांचे टायर गुळगुळीत होते. वर्षानुवर्षं होते. पंक्चर झालं की टिकली लावायचे, फाटलं की आतून तुकडा घालायचे, पण टायर बदलायचे नाहीत. सावकाशला नेहमी वाटायचं, काय चिकट माणसं आहेत. आता त्याच्या डोळ्यांसमोर साडूचं ते चकचकीत पातळ चाक उभं राहिलं, स्टेपनीपेक्षा दोन बोटं बुटकं. चाक बुटकं, फेऱ्या जास्त, भाडं जास्त. अंडी फोडायला नव्हतं दिलेलं. घरातला माणूस म्हणून दिलं होतं.

ताईने मान वर केली. तिची नजर हळूहळू गाड्यांच्या रांगेवरून, खालच्या बाजूने फिरली. चार क्रमांकाच्या गाडीवाल्याला अचानक काहीतरी काम आठवलं आणि त्याने इंजिन सुरू केलं.

"बंद करा," ताई म्हणाली.

इंजिन बंद झालं.

ती साहेबांच्या कानाशी वाकून दोन वाक्यं बोलली. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग ती सावकाशकडे वळली. "तुमचा रस्ता तुमच्याकडेच. मीटर नाही, बासष्ट पक्के. अंडी पन्नासच्या आत." ती टेप उलगडत चालायला लागली, आणि रांगेतली पहिली गाडी साडूची होती, तशीच चकचकीत पातळ चाकं लावलेली. "दोरीचं एक टोक धरा. तुम्हाला आता येतं."

"ताई, वहिनी आहेत की," कोणीतरी मागून म्हणालं.

"त्या घरच्या आहेत. हे माझ्या केंद्राचे आहेत."

साडू चाकासमोरून हलला नव्हता. सावकाश जवळ आला तेव्हा तो ओठ जेमतेम हलवून म्हणाला, "तुला दिली होती ना मी? फुकट दिली होती."

"हो."

"मग बसवायची होतीस. तोंड बंद राहिलं असतं तुझंही."

सावकाशने बायकोकडे बघितलं. ती पिशवीची दोन्ही टोकं धरून उभी होती, आणि संध्याकाळी बहिणीला काय सांगायचं याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. त्याने गुडघे टेकले. फरशी गार होती. दोरीचं टोक त्याने चकचकीत पाकळ्यांच्या वर, रबरावर ठेवलं. दोरी जरा ढिली सोडली तर दोन बोटं वाढली असती, चार वाढली असती. ताई पलीकडून दोरी फिरवून त्याच्याकडे आली आणि वाकली. तिने चाकाकडे बघितलंच नाही. ती त्याच्या बोटांकडे बघत होती.

"ताणा," ती म्हणाली.

त्याने ताणली.